भिंत तात्यांची, कपाट आमचं

लग्नानंतर आम्ही नाशिकला बिऱ्हाड केलं ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. गंगापूर रोड तेव्हा आजच्यासारखा दोन्ही बाजूंनी भरलेला नव्हता. मोठ्या रस्त्यावर दुकानं आणि बंगले होते, पण एखाद्या गल्लीत वळून चालत राहिलं की गुलाबाचे आणि झेंडूचे वाफे लागायचे आणि त्यांच्यापलीकडे द्राक्षाच्या बागा. अशाच एका गल्लीच्या टोकाला, फुलांच्या मळ्याला लागून एक बैठं घर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढची पडवी बंद करून केलेली बैठकीची खोली. ते आम्ही भाड्याने घेतलं.

घरमालक फुलं पिकवणारे. सगळी गल्ली त्यांना तात्या म्हणायची आणि त्यांच्या बायकोला आक्का. ते दोघं मळ्यातल्या जुन्या घरात राहायचे, आमच्या घरापासून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. आमचं घर तात्यांनी बँकेचं कर्ज काढून खास भाड्यासाठी बांधलं होतं आणि त्यांना त्या घराचा फार अभिमान होता. कोणी पाहुणा आला की मळा दाखवून झाल्यावर ते त्याला आमच्या दारात आणत, बाहेरूनच घर दाखवत आणि मला म्हणत, "चालू द्या ताई तुमचं काम, आम्ही नुस्तं बघतोय."

माझा नवरा सातपूरच्या एका कारखान्यात होता आणि मी शाळेत गणित शिकवत होते. घरात सामान बेताचंच होतं. सुताराकडून करून घेतलेला लाकडी सोफा, दोन्ही बाजूंनी सरकणारी दारं असलेला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, आणि माझं लाडकं काचेचं कपाट. लग्नात आलेले सगळे कपबशांचे सेट, सरबताचे ग्लास आणि एक चिनी मातीचा हत्ती त्यात मांडून ठेवलेला. ते कपाट मी दर रविवारी पुसायची.

मी मूळची चांदवडची. आमच्या घरी विमा म्हटला की माणसाचाच. तो शब्द उच्चारला की आई म्हणायची, "शुभ बोल गं." घराचाही विमा असतो आणि त्यात कोणी मरावं लागत नाही, हे मला शाळेच्या स्टाफरूममध्ये कळलं.

आमच्या शाळेत हिंदी शिकवणाऱ्या एक बाई होत्या, वयाने माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठ्या. त्यांच्या यजमानांनी नव्यानेच विम्याची एजन्सी घेतली होती आणि पहिले काही ग्राहक गोळा करायची जबाबदारी बाईंनी आपणहून अंगावर घेतली होती. मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला.

"भाड्याच्या घरात राहतेस ना? मग तुलाच पाहिजे हा."

मी म्हटलं, "बाई, घर आमचं नाहीच. मालकांनी बँकेचं कर्ज घेतलंय, बँकेने त्यांना घराचा विमा उतरवायला लावलाय. तात्या सांगतात ना सगळ्यांना, माझं घर विम्याचं हाय म्हणून."

बाईंनी माझा डबा पुढ्यात ओढला. त्यात भेंडीची भाजी होती. त्यांनी डब्यावर बोट टेकवलं. "हा डबा मालकाचा. आणि ही भाजी तुझी. उद्या डबा खाली पडला, तर मालकाच्या विम्यातून डबा सरळ करून मिळेल. पण सांडलेली भाजी? ती कोण देणार?"

"पण दोन्ही एकाच घरात आहे की."

"घरात आहे गं, पण मालकी वेगळी आहे. भिंती, छप्पर, फरशी, दारं त्यांची. त्यांच्या कागदात तेवढंच. तुझा टीव्ही, तुझं कपाट, तुझ्या साड्या, हे त्यांच्या विम्याला दिसतच नाही. भाडेकरूने फक्त सामानाचा विमा घ्यायचा. भिंतीशी तुला काय करायचंय?"

मला पटलं असं मी म्हणणार नाही. पण बाई गोड होत्या, हप्ता साडीच्या फॉल-पिकोला लागावा तेवढाच होता, आणि भेंडी तोपर्यंत त्यांनीच निम्मी संपवली होती. मी हो म्हटलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो टीव्हीचा अँटेना फिरवत छपरावर उभा होता. वरूनच म्हणाला, "सामानाचा विमा काढायला आधी घरात सामान लागतं ना?"

बाईंचे यजमान घरी आले, चहा घेतला, काय काय आहे ते विचारून लिहून घेतलं. जाता जाता म्हणाले, "आग, पूर, वादळ, चोरी, पाण्याची टाकी फुटणं, दंगल. शिवाय गाडी किंवा जनावर येऊन घरावर आदळलं तर तेही."

"जनावर?" नवऱ्याने विचारलं.

"हो. पण परक्याचं हं. आपलं पाळलेलं नाही."

नवरा त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून आला आणि दारातच हसत बसला. "जनावर येऊन आदळलं तर! अगं, कोण लिहितं गं हे असलं?"

*

त्या हिवाळ्यात तात्यांच्या डोक्यात घोडी भरली.

त्यांचा फुलांचा धंदा लग्नसराईवर चालायचा. मुंडावळ्या, हार, नवरदेवाच्या गाडीची सजावट. लोक फुलं न्यायला यायचे आणि विचारायचे, "घोडी कुठं मिळेल हो तात्या?" तात्या पत्ता सांगायचे आणि मग दिवसभर अस्वस्थ असायचे. फुलं माझी, गिऱ्हाईक माझं, आणि घोडी दुसऱ्याची, हे त्यांना खुपायचं.

जुन्या नाशकात एक टांगेवाले चाचा होते. रिक्षा वाढल्या तसा टांग्याचा धंदा बसत चालला होता, म्हणून त्यांनी त्यांच्या दोन घोड्यांपैकी पांढरी घोडी विकायला काढली होती. चाचा सभ्य माणूस. त्यांनी तात्यांकडून थोडा इसार घेतला आणि म्हणाले, "पैशाची घाई नाय. चार दिवस ठेवून बघा. तुमच्याकडे रमली, तुम्हाला पसंत पडली, तर बाकीचे द्या. नायतर मी घेऊन जाईन, इसार परत."

घोडी आली तो दिवस मला लख्ख आठवतो. आक्कांनी तिच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. तात्यांनी गळ्यात शेवंतीचा घसघशीत हार घातला, त्यातली निम्मी शेवंती तिने तिथल्या तिथे खाल्ली. गल्लीतली पोरंटोरं, बाया, सगळी जमली होती. घोडी खरंच देखणी होती. दुधासारखी पांढरी, पापण्या लांब, आणि उभं राहण्याची तऱ्हा अशी की आपल्याकडे लोक बघतायत हे तिला पक्कं ठाऊक असावं.

"बँडला भीत नाही ना चाचा?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"बँडमधेच लहानाची मोठी झाली," चाचा म्हणाले. "तुतारी कानात वाजवा, पापणी हलणार नाय."

"आणि फटाके?"

चाचांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला. "फटाक्यापासून जरा लांब ठेवा. सवय होईल हळूहळू."

तात्यांनी हे ऐकलं की नाही कोण जाणे. ते तिची आयाळ विंचरण्यात गुंग होते.

जानेवारी सरत आला होता. द्राक्षात साखर भरायला लागली होती आणि त्यासोबत पाखरांचे थवे बागांवर उतरायला लागले होते. पाखरं हाकलायला बागवाले दिवसभर डबे वाजवायचे, गोफणी फिरवायचे आणि अधूनमधून एखादा सुतळी बॉम्ब लावायचे. आम्हाला त्याची सवय झाली होती. घोडीला नव्हती.

रविवारची दुपार होती. जेवणं झाली होती. पुढच्या खोलीत मी वर्तमानपत्रावर मेथीची जुडी सोडून निवडायला बसले होते, पण डोळे मिटायला लागले म्हणून मेथी तशीच टाकून आतल्या खोलीत जरा आडवी झाले. नवरा शेजारी घोरत होता. तेवढ्यात मागच्या बागेत एक बॉम्ब फुटला आणि लागलीच दुसरा.

आधी आक्कांची आरोळी आली, "सुटली! अवं, सुटली!" मग टापांचा आवाज, वाढत वाढत. मग आमच्या पुढच्या खोलीत असा काही कडकडाट झाला की मला वाटलं छप्परच आलं खाली.

आम्ही धावलो. पडवी बंद करताना तात्यांनी खाली कमरेएवढी एका विटेची भिंत घातली होती आणि वर लाकडी चौकटीत जाड, धुरकट काचेची तावदानं बसवली होती. त्यातलं मधलं तावदान चौकटीसकट आत येऊन पडलं होतं. खालची भिंत खोलीत ढासळली होती. टीव्ही पालथा होता. माझं काचेचं कपाट सोफ्यावर आडवं झालं होतं आणि त्याच्यातले कपबशांचे सेट, ग्लास, सगळे एकमेकांत मिसळून गेले होते. आणि या सगळ्याच्या मध्यभागी, आमच्या बैठकीच्या खोलीत, पांढरी घोडी उभी होती. खांद्यावर एक ओरखडा, बाकी काही नाही. एवढ्या वेळात ती पूर्ण शांत झाली होती. खाली मान घालून माझी मेथी खात होती.

नवरा लुंगीवर उभा. त्याने एकदा घोडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "अगं," तो हळू आवाजात म्हणाला, "जनावर येऊन आदळलं."

आणि आम्ही दोघंही त्या काचांच्या ढिगाऱ्यापुढे हसत सुटलो. इतके हसलो की तात्या धापा टाकत आले ते दारातच थबकले. त्यांना वाटलं, यांच्या डोक्याला काही लागलं की काय.

तात्या रडवेले झाले होते. आधी त्यांनी आम्हाला कुठे लागलंय का ते पाहिलं, मग घोडीचे चारही पाय चाचपले, मग भिंतीकडे पाहून डोक्याला हात लावला. आक्का मागून आल्या. त्यांनी लगाम धरला, घोडीला मागच्या दाराने, आमच्या स्वयंपाकघरातून, ओट्याला धक्का न लावता बाहेर नेलं. जाताना घोडीने फळीवरची कोथिंबीरही उचलली.

*

दुसऱ्या दिवशी मी शाळेत हिंदीच्या बाईंना सांगितलं. बाई खुर्चीवरून उठल्याच. "घोडी? दिवाणखान्यात? अगं, माझ्या नवऱ्याचा पहिला क्लेम!" त्यांना एवढा आनंद झाला की माझं अभिनंदन करावं की सांत्वन, हे स्टाफरूममध्ये कोणालाच कळेना.

त्यांच्या यजमानांनी आमचा कागद पुढे पाठवला. तात्यांचा विमा बँकेमार्फत होता. तो कागद त्यांनी कधी उघडून पाहिलाच नव्हता, तो आक्कांच्या ट्रंकेत पैठणीच्या घडीत होता. तोही काढला. योगायोग असा की दोन्ही विमे एकाच कंपनीचे निघाले, त्यामुळे नुकसान पाहायला एकच सर्व्हेअर साहेब येणार होते.

तोवर गल्लीत चर्चेला ऊत आला होता. बाईंच्या यजमानांनी तात्यांना नीट समजावून सांगितलं होतं, "घोडी परक्याची असेल तर भिंतीचे पैसे मिळतील. तुमची स्वतःची असेल तर नाही मिळणार."

"असं का पण?" तात्यांनी विचारलं.

"आपलं जनावर आपणच आवरायचं असतं तात्या. कंपनी म्हणते, त्याची राखण आम्ही कुठे करत बसू?"

चाचांना निरोप गेला होता. ते टांगा घेऊन आले, घोडीच्या खांद्याला हळद लावली, मोडलेली भिंत पाहिली आणि म्हणाले, "यात काळजी कसली? इसारच फक्त घेतलाय मी. पसंतीवर दिली होती. मग घोडी अजून माझीच ना? तसंच सांगतो साहेबांना. खोटं कुठं आहे त्यात?"

खोटं खरंच नव्हतं. गल्लीने सुटकेचा निःश्वास टाकला. आक्का तात्यांना म्हणाल्या, "आता तुमी फक्त गप ऱ्हायचं. काय इचारलं तर चाचांकडं बोट दाखवायचं. येवढं जमंल का?"

"जमंल की," तात्या म्हणाले.

सर्व्हेअर साहेब स्कूटरवरून आले. उंच, कोरड्या चेहऱ्याचे गृहस्थ, खिशाला दोन पेनं. बॅगेतून टेप काढून त्यांनी भिंत मोजली, कॅमेऱ्याने फोटो काढले, टीव्ही कधी घेतला, कपाट कुठे केलं, सगळं विचारलं. मी बाकी सगळं सांगून चिनी मातीच्या हत्तीबद्दलही सांगायला लागले, तेव्हा त्यांनी पेन थांबवून विचारलं, "हत्तीसुद्धा होता का इथे?" नवऱ्याला ठसका लागला.

मग त्यांनी आम्हाला विचारलं, "मालक या घरात राहतात का?"

"नाही, ते मळ्यातल्या घरात राहतात. इथे फक्त आम्ही दोघं."

"मग बरं आहे," ते म्हणाले. "या घरात राहणाऱ्याचं जनावर असतं तर तुमचंही अडलं असतं. घोडी कोणाचीही असो, तुमची नाही आणि तुमच्या घरात राहणाऱ्या कोणाची नाही. तुमच्या सामानाचं होईल. फक्त नव्याची किंमत धरता येणार नाही. टीव्ही जेवढा वापरलाय तेवढी झीज वजा होईल."

मी मान डोलावली. हे गणित मला कळण्यासारखं होतं.

मग साहेब अंगणात आले. अंगणात निम्मी गल्ली उभी होती. तात्या मधोमध, शेजारी चाचा, मागे खुंट्याला घोडी. साहेबांनी भिंतीचा कागद वर काढला आणि घोडीकडे न पाहताच विचारलं, "ही उधळी घोडी कोणाची?"

चाचांनी तोंड उघडलं. त्यांचा हात छातीकडे गेलाही होता. पण तात्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"उधळी?" ते म्हणाले.

"तात्या," आक्का मागून म्हणाल्या.

"नाय, थांब. साहेब, उधळी कोनाला म्हनता तुमी? कानाशी बॉम्ब फुटला तर तुमी-आमी पळू, मंग तिनं का नाय पळायचं? भिताड पडलं, काच फुटली, पन माणसाला धक्का लावला का तिनं? आत जाऊन गुमान मेथी खात उभी ऱ्हायली! अशी गुणाची घोडी साऱ्या नाशकात दाखवा मला!"

साहेबांनी चष्मा वर केला. "ते ठीक आहे. पण मालक कोण?"

"मालक? मी मालक! माझी हाय ती!"

चाचांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी शांतपणे विचारलं, "पण मला कळलंय की पसंतीवर आणली होती. पसंत केल्याचं कधी ठरलं? त्या रविवारच्या आधी की नंतर?"

साहेबांनी दार उघडून दिलं होतं. नुसतं 'नंतर' म्हटलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. आम्ही सगळे तात्यांच्या तोंडाकडे बघत होतो. नवरा तर ओठांनी 'नंतर, नंतर' करत होता.

"टांग्यामागून चालत आली, या फाटकातून आत पाऊल टाकलं, तवापास्नं," तात्या म्हणाले. "पसंत करायला येळ लागतो व्हय असल्या जनावराला?"

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. त्यांचा तो कोरडा चेहरा पहिल्यांदाच हलला. आधी एक भुवई, मग ओठाचा कोपरा, आणि मग ते चक्क खो खो हसायला लागले. त्यांच्या मागून आक्का हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून. मग चाचा. मग अख्खी गल्ली. तात्या तेवढे गंभीर होते.

"मग तुमच्या भिंतीचं काही करता येणार नाही हो," साहेब डोळे पुसत म्हणाले.

"नका करू," तात्या म्हणाले. "भिताड काय, मी घालीन पुन्हा. पन तिला उधळी लिहू नका."

साहेबांनी ते लिहिलेलं खोडलं. खोडून त्या जागी 'घाबरलेली' असं लिहिलं आणि तात्यांना वाचून दाखवलं. मग आक्कांनी सगळ्यांना चहा केला आणि साहेबांना जाताना गुलाबाचा एवढा मोठा गुच्छ दिला की स्कूटरवर तो कुठे ठेवावा हा त्यांना प्रश्न पडला. शेवटी हँडलला बांधला. गल्लीतून बाहेर पडताना ते स्वतःच एखाद्या वरातीतले वाटत होते.

*

त्याच संध्याकाळी तात्यांनी चाचांना बाकीचे पैसे दिले. चाचा नको नको म्हणत होते, भिंतीचा खर्च झालाय, पुढे द्या म्हणत होते. तात्या ऐकेनात. "तिच्यासाठी मी साहेबांसमोर बोललोय," ते म्हणाले. "आता उधारी ठेवली तर मी खोटा पडंल." चाचांनी मग स्वतःच एक तोड काढली. लग्नसराईत घोडीसोबत तेच जायचे, लगाम धरायला. त्यामुळे घोडी विकूनही त्यांच्या हातातून गेली नाही, आणि त्यांच्यासाठी टांग्याबरोबर नवं कामही सुरू झालं.

मोडलेल्या भिंतीची गंमत वेगळीच झाली. तात्यांनी गवंडी आणला. गवंडी पूर्वीसारखीच भिंत घालायला निघाला, तेव्हा आक्का कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ती तावदानं आधीपास्नंच मला आवडली नव्हती. बाई बिचारी दिवा लावून मेथी निवडती दुपारची. मोठी खिडकी कर." मग तिथे भली रुंद खिडकी झाली, बसता येईल असा कट्टा आणि बाहेरून लोखंडी गज. त्या खिडकीतून गुलाबाचे सगळे वाफे दिसायचे. पुढची कितीतरी वर्षं मी शाळेचे पेपर त्या कट्ट्यावर बसून तपासले. एखाद्या पोराचं गणित चुकलं की वर बघायचे, समोर लाल-पिवळा मळा दिसायचा आणि मग अर्धा गुण जास्तच द्यावासा वाटायचा.

आमचा चेक आला तो हिंदीच्या बाईंनी स्वतः घरी आणून दिला. पाकीट उघडण्याआधी त्यांनी त्यावर हळदीकुंकू वाहिलं. झीज वजा जाऊन जे आलं त्यात आमची भर घालून आम्ही रंगीत टीव्ही घेतला, गल्लीतला पहिला. तो आला त्या रविवारी आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नव्या खिडकीच्या बाहेरूनही लोक बघत होते. तात्यांना मानाची जागा म्हणून सोफ्यावर बसवलं होतं. फुलांचं काहीतरी दृश्य आलं तसे ते पुढे झुकले आणि म्हणाले, "गुलाबाचा रंग जरा जास्तच लाल दाखवलाय."

त्या टीव्हीमुळे बाईंच्या यजमानांच्या धंद्याचा मात्र जम बसला तो कायमचा. गल्लीतल्या झाडून सगळ्या भाडेकरूंनी सामानाचा विमा घेतला. आणि तात्यांनी आपला कागद ट्रंकेतून काढून बाईंच्या यजमानांसमोर ठेवला. "वाचा," म्हणाले. "पहिल्या अक्षरापास्नं. माझ्या घराचा कागद हाय आन मलाच ठावं नाय आत काय हाय." ते वाचत गेले आणि तात्या प्रत्येक कलमाला प्रश्न विचारत राहिले. पूर म्हंजी किती पानी? वीज पडली तर? भूकंप यात हाय का वेगळा? संध्याकाळपर्यंत ते दोघं ओट्यावर बसून होते. आक्का दोनदा चहा देऊन गेल्या आणि तिसऱ्यांदा थेट जेवायचीच ताटं घेऊन आल्या.

*

दोन हजार सालानंतर गंगापूर रोड झपाट्याने बदलला. मळ्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. आम्हीही कर्ज काढून त्याच भागात तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट घेतला. इतकी वर्षं आम्ही डब्यातली भाजी सांभाळली होती, आता डबाही आमचा झाला.

ताबा मिळाला त्या दिवशी घरात काहीच सामान नव्हतं. आम्ही तात्या-आक्कांना घेऊन गेलो. तात्या आता थकले होते, पण जिना ते कोणाचा हात न धरता चढले. सगळ्या खोल्या पाहिल्या, प्रत्येक भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. बँकेने विम्यासाठी पाठवलेला एक तरुण मुलगा त्याच वेळी तिथे आला होता. फ्लॅटची सगळी किंमत धरून तो विम्याचा आकडा सांगायला लागला.

तात्या खिडकीतून मागे वळले. "थांब. यात जागेची किंमत धरलीय का?"

"हो आजोबा. पूर्ण फ्लॅटची."

"जागा जळती का रं? पुरात वाहून जाती का? इमारत पडली तरी जमीन तिथंच ऱ्हाती. बांधायला जेवढं लागंल तेवढ्याचाच विमा. जमिनीचा हप्ता कशापायी भरायचा त्यांनी?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "बरोबर आहे त्यांचं. बांधकामाचा खर्च धर. आणि सामानाचं वेगळं लिही, ते विसरू नकोस."

तो पुन्हा हिशेब करायला बसला. तात्यांनी समाधानाने मान डोलावली. मग खांद्यावरचं उपरणं काढून नव्या फरशीवर अंथरलं, हाताची उशी केली आणि मोकळ्या खोलीच्या मधोमध लवंडले. फरशी थंडगार होती. आम्ही कागदांवर सह्या करत होतो तोवर त्यांचं घोरणं रिकाम्या घरभर घुमायला लागलं. मुलगा दबकत दबकत विचारायला लागला, "मॅडम, आजोबा कोण तुमचे?" मी ओठांवर बोट ठेवलं. आक्कांनी हळूच खिडकी अर्धी लोटून घेतली, तात्यांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून.